ऐंशी एकर आणि फाटक्या कानाचा नर

गेल्या नोव्हेंबरात, हरणांच्या शिकारीचा बंदुकीचा नऊ दिवसांचा हंगाम सुरू होऊन तिसरा दिवस उजाडला होता, तेव्हा माझ्या एका ज्येष्ठ स्नेह्यांचा फोन आला आणि नेहमीची विचारपूस न करताच ते म्हणाले, "तो गेला. शेजाऱ्याच्या रानात गेला." 'तो' म्हणजे कोण, हे विचारण्याची गरज नव्हती. पांढऱ्या शेपटीच्या हरणाचा तो पूर्ण वाढलेला नर होता. त्याचा डावा कान टोकापासून निम्म्यापर्यंत फाटलेला होता आणि उजव्या शिंगाचे कपाळाजवळचे टोक आतल्या बाजूला वाकलेले होते. ऑगस्टपासून आम्ही दोघे त्याची छायाचित्रे पाहत होतो, आणि हंगामाच्या पहिल्या शनिवारपासून तो एकाही कॅमेऱ्यावर आला नव्हता.

स्नेह्यांची जमीन अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याच्या नैर्ऋत्य भागात आहे, ऐंशी एकर. हिमयुगातले बर्फाचे थर या पट्ट्यावरून फिरलेच नाहीत, त्यामुळे आजूबाजूचा प्रदेश सपाट झाला तरी इथे अरुंद डोंगरधारा, खोल घळी आणि उतारांवर ओकचे जंगल तसेच राहिले. धारांच्या माथ्यावर आणि घळींच्या तळाशी जिथे ट्रॅक्टर चालतो तिथे मका, सोयाबीन आणि लसूणघास. मी स्वतः बंदूक चालवत नाही. ट्रेल कॅमेरे, म्हणजे प्राणी समोरून गेला की आपोआप छायाचित्र घेणारे कॅमेरे लावणे, त्यांची कार्डे बदलणे आणि प्रत्येक छायाचित्राची वेळ आणि जागा वहीत उतरवणे एवढेच माझे काम आहे, आणि ते मी सहा वर्षे करतो आहे. त्या वहीच्या जोरावरच मी त्यांना फोनवर म्हणालो की तो गेला असेल असे मला वाटत नाही. त्यांनी ते अर्थातच मान्य केले नाही.

शिकारीच्या जमिनीचा मालक जेव्हा 'माझे हरीण गेले' म्हणतो, तेव्हा त्या एका वाक्यात निरनिराळ्या गोष्टी एकत्र कोंबलेल्या असतात. हरणाने वेळ बदललेली असते, किंवा वावराचा मध्य थोडासा सरकलेला असतो, किंवा फार क्वचित ते खरोखरच मुलूख सोडून गेलेले असते. यांतली पहिली गोष्ट सगळ्यांत जास्त वेळा घडते आणि सगळ्यांत कमी वेळा ओळखली जाते, असे माझे मत आहे.

मुळात हरणाचे 'घर' म्हणजे काय, इथूनच घोटाळा सुरू होतो. विल्यम हेन्री बर्ट या प्राणिशास्त्रज्ञाने १९४३ साली सस्तन प्राण्यांच्या संदर्भात दोन कल्पना काटेकोरपणे वेगळ्या केल्या. प्राणी चरण्यासाठी, जोडीदार मिळवण्यासाठी आणि पिल्ले वाढवण्यासाठी ज्या भागात नेहमी फिरतो ते त्याचे वावरक्षेत्र; आणि त्यातला जो भाग तो दुसऱ्यांपासून राखतो ती त्याची हद्द. अधूनमधून तो कुठे लांब चक्कर मारून आला, तर ती चक्कर वावरक्षेत्रात धरू नये, असेही बर्ट यांनी तेव्हाच बजावून ठेवले होते. पांढऱ्या शेपटीच्या हरणाला वावरक्षेत्र असते, पण बर्ट यांच्या अर्थाने वर्षभर राखलेली हद्द त्याला नसते. एकाच ओकखाली चार नरांची वावरक्षेत्रे एकमेकांवर पडलेली असतात आणि वर्षातले बहुतेक महिने त्यावरून कुणाचे भांडण होत नाही. नर जमीन खुरांनी उकरून तिथे मूततो, वरच्या फांदीला कपाळ आणि डोळ्यांजवळचा भाग घासतो, कोवळ्या झाडांची साल शिंगांनी सोलतो. पण या खुणा कुंपणाच्या नव्हेत, त्या 'मी इथे आहे' असे सांगणाऱ्या निरोपाच्या आहेत. एकाच उकरलेल्या जागेवर एका रात्रीत तीन वेगवेगळे नर येऊन गेल्याची छायाचित्रे माझ्याकडे आहेत. मराठीत आपण काळविटालाही हरीणच म्हणतो आणि काळविटाचा नर माजाच्या दिवसांत आपला तुकडा खरोखर राखतो, म्हणून हा फरक आपल्या वाचकाने विशेष ध्यानात ठेवावा.

आता आकाराचा हिशेब. मादीचे वावरक्षेत्र चांगल्या मुलखात एक-दोनशे एकरांतही भागते. पूर्ण वाढलेल्या नराचे साधारण एका चौरस मैलाच्या आसपास धरण्याची पद्धत आहे, आणि दक्षिण टेक्सससारख्या कोरड्या झुडुपी प्रदेशात ते त्याहून पुष्कळ मोठे होते. अमेरिकेत मध्य-पश्चिमेची जमीन १७८५ च्या कायद्याने सुरू झालेल्या मोजणीनुसार चौकोनांत कापलेली आहे: एक चौरस मैल म्हणजे ६४० एकरांचा एक तुकडा, त्याचे चार भाग, त्या प्रत्येकाचे पुन्हा चार. स्नेह्यांचे ऐंशी एकर म्हणजे अशा दोन चाळीस एकरी चौकोनांची जोडी, सुमारे आठशे मीटर लांब आणि चारशे मीटर रुंद. ६४० एकरांचे वावरक्षेत्र वर्तुळासारखे धरले तर त्याची त्रिज्याच नऊशे मीटर निघते. म्हणजे फाटक्या कानाचा नर त्यांच्या जमिनीवर मनापासून प्रेम करत असता, तरी त्याच्या वावराचा फार तर आठवा हिस्सा तिथे बसला असता. उरलेले सात हिस्से पाच-सहा शेजाऱ्यांचे. त्यात अमेरिकेत वन्य प्राणी हा जमीनमालकाच्या मालकीचा नसतो. तो राज्याने सर्व जनतेच्या वतीने सांभाळायचा ठेवा मानला जातो. जमिनीच्या कागदावर झाडे आपली, माती आपली, आणि त्यावरून चालणारे हरीण मात्र आपले नाही. स्नेह्यांना हे कायद्याने ठाऊक आहे; मनाने ते अजून पटलेले नाही.

हे क्षेत्र हरीण निवडते कसे, या प्रश्नाचे पहिले उत्तर थोडे निराश करणारे आहे: मादी बहुधा निवडतच नाही, ती जिथे जन्मली तिथेच राहते. न्यू यॉर्क राज्यातल्या ॲडिरॉन्डॅक पर्वतांत वर्षानुवर्षे खुणा लावलेल्या हरणांचा अभ्यास करून विल्यम पोर्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये गुलाबाच्या पाकळ्यांची कल्पना मांडली. मध्यभागी म्हातारी मादी, तिच्या वावराला लागून आणि थोडे त्यावर चढून मुलीचे वावर, त्याच्या कडेला नातीचे, अशी पाकळ्यांवर पाकळ्या चढत कुळाची वस्ती बाहेरच्या बाजूला पसरत जाते. यातून निघणारा अर्थ शिकारीच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. एका घळीतले मायलेकींचे कूळ पूर्ण संपवले, तर ती जागा शेजारची हरणे लगोलग येऊन भरून काढतीलच असे नाही; चांगला चारा असूनही ती घळ काही वर्षे ओस राहू शकते, कारण शेजारच्या मादीच्या डोक्यातल्या नकाशात ती घळच नसते. हे चित्र सलग जंगलाच्या मुलखातले आहे, हेही सांगायला हवे. इलिनॉयमधल्या मक्याच्या सपाट प्रदेशात, जिथे जंगल म्हणजे ओढ्याकाठच्या चिंधोट्या, तिथे पुष्कळ तरुण माद्याही जन्माची जागा सोडून दूर जातात, असे चार्ल्स निक्सन यांच्या त्याच सुमाराच्या अभ्यासात दिसले. आमचा मुलूख या दोहोंच्या मधला आहे.

मादी हद्द राखत नाही याला वर्षातून एकदा अपवाद होतो. मेच्या अखेरीस आणि जूनमध्ये विण्याच्या वेळी ती दहा-वीस एकरांचा एक तुकडा खरोखर आपला करते आणि पाडस लपून बसण्याच्या वयाचे असेपर्यंत, म्हणजे सुमारे महिनाभर, दुसऱ्या माद्यांना तिथून हाकलते. मिशिगनच्या उत्तरेकडच्या कुसिनो येथील मोठ्या कुंपणबंद जंगलात जॉन ओझोगा आणि लुई व्हर्मे यांनी हे बारकाईने पाहिले. १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांत असे होते की हरणांची दाटी वाढली की पहिलटकरणींना असा तुकडा मिळत नाही आणि त्यांची पाडसे जास्त मरतात. आमच्या एका कॅमेऱ्यावर मी ही हाकलाहाकल स्वतः पाहिली. छायाचित्रांची मालिका अवघ्या अकरा सेकंदांची आहे. पहिल्या चित्रात वर्षभराचा कोवळा नर, शिंगांच्या जागी मखमली खुंट, लसूणघासाच्या कडेला उभा आहे. दुसऱ्यात डावीकडून त्याची आई येते, कान मानेला चिकटलेले, मान खाली. तिसऱ्यात ती मागच्या पायांवर उभी आहे आणि पुढचे दोन्ही खूर त्याच्या पाठीवर पडण्याच्या बेतात आहेत. चौथ्यात फक्त त्याची उंचावलेली पांढरी शेपटी. ती त्याची आईच होती हे मी खात्रीने सांगतो, कारण आधीच्या अख्ख्या हिवाळ्यात ते दोघे त्याच कॅमेऱ्यावर एकत्र येत होते.

त्या मालिकेनंतर तो कोवळा नर आमच्या कुठल्याच कॅमेऱ्यावर दिसला नाही, आणि तो 'गेला' हे मी कुठलीही शंका न ठेवता मान्य करतो. नर आयुष्यात एकदा, बहुधा वयाच्या एक ते दीड वर्षाच्या दरम्यान, खरोखर घर सोडतो. निघण्याचे दोन मोसम असतात: वसंतात आई नव्या पाडसासाठी जागा मोकळी करते तेव्हा, आणि शरदात माजाच्या आधी थोराड नर त्याला दटावू लागतात तेव्हा. यामागचे एक कारण उघड आहे, माद्या जागेवर राहत असतील तर नरांनी दूर गेल्याशिवाय सख्ख्या नात्यातला संकर टळत नाही. व्हर्जिनियात होल्झेनबाइन आणि मार्चिंटन यांनी या मुद्द्याची उलट बाजूने परीक्षा केली आणि १९९२ मध्ये तिचा निकाल प्रसिद्ध केला. ज्यांच्या आया लहानपणीच काढून टाकल्या होत्या अशा नरांपैकी फारच थोडे पुढे घर सोडून गेले, तर आई जिवंत असलेल्यांपैकी बहुतेक सगळे गेले. 'चांगले नर टिकवायचे तर माद्यांना हात लावू नये' हे शिकाऱ्यांच्या तोंडी असलेले वाक्य मी अनेकदा ऐकले आहे, आणि निदान या एका बाबतीत ते नेमके उलटे आहे.

हे नर किती दूर जातात, हे जंगलाच्या घनतेवर पुष्कळ अवलंबून असते. पेनसिल्व्हेनियात २००२ पासून शिंगांच्या टोकांची किमान संख्या ठरवून कोवळ्या नरांना वाचवण्याचा नियम लागू झाला, आणि त्याचा परिणाम तपासताना शेकडो तरुण नरांना रेडिओ पट्टे बांधले गेले. त्यात असे दिसले की जंगल जितके विरळ आणि तुटक, तितकी मजल लांब. उघड्या शेतांच्या मुलखात कोवळ्या नराला मनाजोगता आडोसा सापडेपर्यंत चालावे लागते. दाट जंगलात तो लवकर थांबतो. मोठे रस्ते आणि नद्या त्याला पूर्णपणे अडवत नाहीत, पण पुष्कळदा वळवतात, आणि काही जण अशा अडसराच्या अलीकडेच मुक्काम ठोकतात. म्हणजे आपल्या घळीत जन्मलेला, आपल्या लसूणघासावर पोसलेला नर दीड वर्षांचा होऊन चार-पाच मैलांवरच्या कुणाचा तरी होतो, आणि आपण ज्याला 'आपला' म्हणतो तो तितक्याच लांबून कुणाकडून तरी आलेला असतो. फाटक्या कानाचा नर आमच्या घळीत जन्मला असण्याची शक्यता मला फार कमी वाटते. या भटकंतीची दुसरी बाजू काळजीची आहे. हरणांना खंगवून मारणारा, मेंदू पोखरणारा रोग २००२ च्या सुरुवातीला विस्कॉन्सिनमध्ये, आमच्यापासून फार दूर नसलेल्या माउंट होरेबजवळ मारलेल्या तीन हरणांत प्रथम आढळला, आणि तो नव्या जागी नेणाऱ्यांत घर सोडून निघालेला तरुण नर हा एक मुख्य वाहक मानला जातो.

एकदा जागा धरली की नर ती सहसा सोडत नाही. वय वाढते तसे त्याचे वावर आखूडच होत जाते. पण त्या वावराच्या आत तो सारखा सरकत असतो, आणि शिकारीच्या जमिनीवरचे सगळे गैरसमज या सरकण्यातून जन्मतात.

सप्टेंबरचेच उदाहरण घ्यावे. उन्हाळाभर थोराड नर चार-पाच जणांच्या टोळक्याने सोयाबीनच्या शेतात संध्याकाळी उजेडातच चरतात. शिंगांवर मखमल, म्हणजे वाढत्या शिंगांवरची केसाळ कातडी असते, एकमेकांशी वैर नसते. सप्टेंबरच्या सुरुवातीला मखमल गळते, रक्तातले नर-संप्रेरक वाढते, टोळके फुटते आणि प्रत्येक जण आपल्या शरदातल्या जागेकडे वळतो. कुणाची ती जागा उन्हाळ्यातल्या शेतालाच लागून असते, तर कुणाची मैलभर किंवा त्याहून लांब. मिसिसिपी राज्य विद्यापीठाच्या हरीण-संशोधकांनी जीपीएस पट्टे लावून पाहिलेल्या नरांपैकी काहींची तर एकमेकांपासून तुटलेली दोन वावरक्षेत्रे निघाली आणि ते त्या दोहोंत ये-जा करत होते. त्यामुळे ऑगस्टमधल्या छायाचित्रांवर नोव्हेंबरचे बेत रचणे म्हणजे मे महिन्यात मामाच्या घरी दिसलेल्या मुलाला जूनमध्येही तिथेच शोधण्यासारखे आहे. फाटक्या कानाचा मात्र ऑक्टोबरातही आमच्याकडे होता, म्हणून हे कारण त्याला लागू पडत नव्हते.

सरकण्याचे अंतर अनेकदा इतके थोडे असते की ते अंतर आहे असे कुणाच्या लक्षातही येत नाही. मिसुरी नदीकाठच्या डिसोटो अभयारण्यात व्हरकाउटेरन आणि हिग्नस्ट्रॉम यांनी माद्यांवर केलेला आणि १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास मला यासाठीच फार आवडतो. मक्याला तुरे आणि कणसे येऊ लागली की माद्यांच्या वावराचा मध्य शेताकडे सरकला, आणि कापणी झाल्यावर पुन्हा मागे आला. पण हे सरकणे मैलांत नव्हते, सरासरीने ते दीड-दोनशे मीटरांच्या घरातले होते. हरणाच्या दृष्टीने हे म्हणजे एकाच घरात माजघरातून ओसरीवर येणे. पण ज्याची जमीन चारशे मीटर रुंद आहे, त्याच्या दृष्टीने दीडशे मीटर म्हणजे 'आमच्याकडे रोज येतो' आणि 'शेजाऱ्याकडे गेला' यांमधले सगळे अंतर. उभा मका हा नुसता चारा नव्हे, सात-आठ फूट उंचीचे तात्पुरते जंगलच आहे; तो एका दुपारी यंत्राने कापला जातो आणि शेकडो एकरांचा आडोसा सूर्यास्तापूर्वी नाहीसा होतो. ओकच्या फळांचेही असेच. पांढऱ्या ओकची फळे कमी तुरट असतात आणि ती झडू लागली की हरणे शेताकडे पाठ फिरवून जंगलातच राहतात. ज्या वर्षी फळे भरपूर, त्या वर्षी जागच्या जागी पोट भरत असल्यामुळे वावर आखडते, आणि शेताच्या कडेला मचाणावर बसलेला माणूस 'यंदा हरणेच नाहीत' अशी तक्रार करतो. आमच्याकडे दोन वर्षांपूर्वी हेच झाले, आणि त्या वर्षी ओकच्या पायथ्याशी चालताना बुटाखाली फळांचा कचकच आवाज थांबत नव्हता.

चाऱ्यापेक्षाही मला बसण्याची जागा महत्त्वाची वाटू लागली आहे. हरीण दिवसाचा मोठा भाग बसून रवंथ करण्यात घालवते, आणि उजेडात ते कुठे असेल हे पोटापेक्षा पाठ ठरवते. आमच्याकडच्या धारांवर थोराड नर बहुधा माथ्याच्या थोडे खाली, उताराच्या वरच्या तिसऱ्या भागात, वाऱ्याच्या आडोशाच्या बाजूला बसतात: माथ्यावरून येणारा वारा पाठीमागचा वास आणून देतो, दिवस तापला की दरीतून वर चढणारी हवा खालचा वास आणते, आणि समोरचे डोळ्यांना दिसते. जानेवारीत मी अशी एक बैठक नीट पाहिली. बर्फात लंबगोल खळगा, माझ्या हाताच्या दोन लांब्यांपेक्षा थोडा कमी. तळाचा बर्फ वितळून पुन्हा गोठल्यामुळे काचेसारखा झालेला, त्यात रुतलेले पाच-सहा पोकळ, राखी केस, आणि खळग्याच्या एका टोकाला गुडघे टेकल्याचे दोन ठसे. पाठीमागे पडलेल्या ओकचे खोड होते. मी त्या खळग्याशेजारी उकिडवा बसून त्याच्या उंचीवरून पाहिले, तेव्हा खालच्या पायवाटेवरचा माझा कॅमेरा आणि त्याच्याकडे येताना उमटलेली माझी स्वतःची पावले, दोन्ही स्पष्ट दिसत होती.

इथे मला माझीच चूक कबूल करायला हवी. पहिली तीन वर्षे मी दर रविवारी सकाळी नऊच्या सुमारास, सोयीची म्हणून तीच पायवाट धरून, कॅमेऱ्यांची कार्डे बदलायला जात असे. वहीतल्या नोंदी एकत्र मांडल्या तेव्हा असे दिसले की सप्टेंबरात उजेडात येणारी थोराड नरांची छायाचित्रे ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत जवळजवळ सगळी रात्रीची झालेली असत, आणि त्या भागात तोपर्यंत एकही शिकारी गेलेला नसे. दाब बंदुकीचा नव्हता; माझ्या बुटांचा होता. स्नेह्यांना मी हे सांगितले तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत, आणि मग शांतपणे म्हणाले, "म्हणजे तीन वर्षे मी उगाच शेजाऱ्याला शिव्या दिल्या."

शिकारीच्या दाबाखाली हरणे काय करतात, यावर पट्टे लावून झालेले अभ्यास बऱ्यापैकी एकमुखी आहेत. ओक्लाहोमातल्या एका मोठ्या रँचवर शिकाऱ्यांची दाटी मुद्दाम कमी-जास्त ठेवून नरांवर लक्ष ठेवले गेले, तेव्हा नरांनी आपले वावरक्षेत्र सोडले नाही; त्यांनी हालचाल कमी केली, दाट आडोसा धरला, आणि शिकाऱ्यांना ते दिसण्याचे प्रमाण दिवसागणिक घसरत गेले. साउथ कॅरोलिनातल्या जंगलात असे दिसले की हंगाम पुढे सरकतो तशी हरणे मचाणांभोवतीचा भाग दिवसा टाळू लागतात आणि रात्री मात्र तिथे बिनधास्त वावरतात. म्हणजे जागा तीच राहते, घड्याळ बदलते. आणि हे शहाणपण केवळ माणसांपुरते नाही. डेव्हिड मेक यांनी १९७७ मध्ये ईशान्य मिनेसोटाच्या जंगलांतून दाखवून दिले की लांडग्यांच्या दोन टोळ्यांच्या हद्दींमधला जो अरुंद पट्टा दोन्ही टोळ्या भांडणाच्या भीतीने टाळतात, त्याच पट्ट्यात हरणे टिकून राहतात. आमच्याकडे लांडग्यांच्या जागी जमीनमालक आहेत. कुंपणाच्या अगदी जवळ मचाण बांधणे शेजाऱ्याला आवडत नाही, म्हणून दोन्ही बाजूंची माणसे कुंपणापासून थोडे आत बसतात, आणि कुंपणाच्या दोन्ही अंगांना मिळून जी शे-दीडशे मीटरांची काटेरी पट्टी उरते ती कुणाचीच नसते.

हे मी हंगामाच्या आधीही स्नेह्यांना सांगत होतो, पण त्यांचा भर चारा पेरण्यावर. दरवर्षी ते मधल्या मोकळ्या जागेत क्लोव्हर पेरतात, आणि तो हिरवा चौकोनी वाफा मचाणावरून सुंदर दिसतो यात शंका नाही. चारा टाकून हरणे बोलावणे आमच्या भागात हरणांना खंगवणाऱ्या त्या रोगामुळे बंद आहे, आणि एरवीही त्याचा उपयोग लोकांना वाटतो तितका लांबवर पोचत नाही: कनेक्टिकटमध्ये हॉवर्ड किलपॅट्रिक यांनी उपनगरी हरणांवर केलेल्या अभ्यासात ज्यांच्या वावरात चाऱ्याची जागा आधीच येत होती त्यांनी आपला मध्य तिकडे सरकवला, आणि ज्यांच्या वावराबाहेर ती होती ती हरणे आलीच नाहीत. क्लोव्हरच्या वाफ्यालाही हेच लागू व्हावे. माझा आग्रह असा होता की दक्षिण टोकाचे पंधरा एकर सप्टेंबर ते जानेवारी पूर्णपणे सोडून द्यावेत, तिथे मीही जाऊ नये, आणि काही निकृष्ट झाडे पाडून जमिनीलगत उजेड आणि झुडपे वाढू द्यावीत.

माजाच्या दिवसांबद्दल मी थोडक्यात सांगतो, कारण त्या पंधरवड्यात कुणाचाच अंदाज चालत नाही. नोव्हेंबरच्या पूर्वार्धात नर माद्यांच्या शोधात आपले नेहमीचे वावर ओलांडून लांब चकरा मारतात, आणि मेरीलँडमधल्या जीपीएस नोंदींनी दाखवल्याप्रमाणे काही माद्याही त्याच सुमारास एखाद्या दिवसासाठी आपल्या क्षेत्राबाहेर जाऊन परत येतात. या दिवसांत आमच्या कॅमेऱ्यांवर चार-पाच अनोळखी थोराड नर एकेकदाच दिसतात आणि पुन्हा कधीच दिसत नाहीत. त्या प्रत्येकाचा कुठेतरी एक मालक असेल आणि तोही आपला नर गेला म्हणून हळहळत असेल. बर्ट यांनी अशा चकरा वावरातून वगळायला सांगितले होते ते योग्यच होते. हिवाळ्यातले मोठे स्थलांतर मात्र आमच्याकडे नाही. ते उत्तरेकडे, जिथे बर्फ छातीपर्यंत साचतो तिथे. तिथली हरणे कित्येक मैल चालून सीडरच्या दाट दलदलीत एकत्र हिवाळा काढतात, आणि ती वाट पाडसे पहिल्या वर्षी आईमागे चालून शिकतात.

बंदुकीचा हंगाम संपला. फाटक्या कानाचा नर शेजाऱ्याने मारला असे काही कानावर आले नाही, आणि कॅमेऱ्यांवरही तो आला नाही. डिसेंबरात स्नेह्यांनी पंधरा एकरांचा विषय काढलाच नाही. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात बर्फ वितळल्यावर आम्ही दोघे नरांची दर हिवाळ्यात झडणारी शिंगे शोधायला निघालो, आणि यावेळी मी नेहमीची पायवाट सोडून पूर्वेच्या कुंपणालगतच्या काटेरी पट्टीतून चालण्याचा हट्ट धरला. ब्लॅकबेरीच्या जाळीत त्यांची टोपी दोनदा अडकली. कुंपणाच्या तारेपासून आतल्या बाजूला, मी मोजलेल्या बावीस पावलांवर, पडलेल्या एल्मच्या आडोशाला दोन जुन्या बैठका होत्या, आणि त्यांतल्या एकीच्या कडेला उजवे शिंग उलटे पडले होते. कपाळाजवळचे टोक आत वाकलेले, बुडाशी खारीने कुरतडल्याच्या ताज्या खुणा. तिथून आमचा सगळ्यांत जवळचा कॅमेरा एकशे नव्वद मीटरांवर होता आणि त्याचे तोंड क्लोव्हरच्या वाफ्याकडे होते. स्नेह्यांनी शिंग हातात घेऊन त्याचे वजन अजमावले, एकदा तारेकडे आणि एकदा लांबच्या मचाणाकडे पाहिले, आणि विचारले, "मचाण दिसते का रे इथून?" मी एल्मशेजारी उकिडवा बसलो. शिडीच्या पायऱ्यासुद्धा मोजता येत होत्या.